मारोती होता, गाव नव्हतं

नोकरीत चोऱ्या, दरोडे, खून पुष्कळ पाहिले आणि निवृत्तीनंतर त्यातले बरेच विसरलोही. मे महिन्यातला तो एक रविवार मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी नरखेड तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आता आपल्याला कोणी काही शिकवायचं राहिलेलं नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

सकाळी सात वाजता ठाण्यात हजेरी चालू असताना एक तरुण बाई धापा टाकत आली. नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहणारी, पहिल्या एसटीने निघालेली. तिची आई गावात एकटी राहायची. साठीची, विधवा, संत्र्याची बाग स्वतः सांभाळणारी. आदल्या संध्याकाळपासून आईचा फोन बंद होता. मुलगी घरी पोचली तर दार नुसतं लोटलेलं, गॅसवर भाजी तशीच आणि रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीत.

"माह्या चुलतभावाचंच काम आहे साहेब," ती म्हणाली. "बाग त्याच्या नावानं करून दे म्हणून आईच्या मागं लागला होता. आई ऐकत नाही तं धमक्या देऊन राहिला होता."

मिसिंगची नोंद घेतली. त्या चुलतभावाचा, म्हणजे बाईंच्या पुतण्याचा, फोनही बंद होता. टॉवर लोकेशन मागवलं, तर आदल्या संध्याकाळचं शेवटचं ठिकाण मिळालं. पण आमच्याकडे एका टॉवरखाली पंधरा-वीस गावांचं शिवार येतं आणि त्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे संत्र्या-मोसंब्याच्या बागा.

पहिली खबर आली ती एसटी स्टँडवरच्या रसवंतीवाल्याकडून. पुतण्याने बाईंना पांढऱ्या व्हॅनमध्ये बसवताना त्याने पाहिलं होतं. "बाईची चप्पल पडली खाली, अन् कोणी उचललीच नाही. म्हून ध्यानात राहिलं," तो म्हणाला. असे साक्षीदार मला नेहमीच मोलाचे वाटत आले आहेत, कारण ते काय चुकलं तेवढंच सांगतात, पदरचं काही घालत नाहीत. व्हॅनच्या मागच्या काचेवर कुठल्यातरी लग्नाचं 'शुभविवाह' अजून चिकटलेलं होतं. त्यावरून अकराच्या आत काटोलहून ड्रायव्हर उचलून आणला.

ड्रायव्हर मूळचा नागपूरचा, भाड्याने गाडी चालवणारा. आधी सरळ कानावर हात ठेवले. माझा अनुभव असा की ड्रायव्हर माणसाला गुन्हा विचारू नये, रस्ता विचारावा. बाकी सगळ्यात तो खोटं बोलेल, पण रस्ता खोटा सांगणं त्याच्या जिवावर येतं. मी गाडी कुठे वळली, कुठे अडली, चाक कुठे रुतलं एवढंच विचारत राहिलो आणि अर्ध्या तासात तो रडायला लागला.

"कसम से साहेब, मले वाटलं काकू बीमार आहे, दवाखान्यात नेऊन राहिले. पोचल्यावर त्यानं तिले विहिरीजवळच्या खोलीत कोंडलं. पाण्याची एक बाटली ठेवली. सोमवारी रजिस्टर हापिसात नेतो म्हणे. मले म्हणाला, तोंड उघडशील तं पाह्य."

"जागा कुठली?"

"नाव नाही माईत. मोसंबीच्या बागेतून वळलो. एक सुका नाला लागला, तोच नाला मंग पुन्हा लागला. पुढं चिचेचे झाडं. एक मारोती होता साहेब, पण गाव नव्हतं."

ते शेवटचं वाक्य मी जबाबात उतरवून घेतलं आणि सोडून दिलं. सगळं उत्तर त्यातच होतं, हे कळायला मला चार तास लागले.

दरम्यान निरोप आला की गावात पोलीस आल्याचं कळताच पुतण्या मध्य प्रदेशाकडे पळाला. म्हणजे आता त्या खोलीकडे कोणीच जाणार नव्हतं. विदर्भातल्या मे महिन्यात टिनाखालची बंद खोली म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगायला नको. बाटलीभर पाणी रात्रीच संपलं असणार.

ड्रायव्हरला आणि बाईंच्या मुलीला सोबत घेऊन निघालो. पंच म्हणून सज्जाचा, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांचा, कोतवाल घेतला होता. कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा गावचा माणूस. नोटिसा वाटणं, दप्तर सांभाळणं हे त्याचं काम. हा पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा होता. आल्या आल्या "जय भीम साहेब" म्हणाला आणि पाठोपाठ म्हणाला, "हापिसातले गावनकाशे घेऊ का? चाबी आहे माह्यापाशी."

मी हसलो. "अहो, आता उपग्रहावरून माणसाची टोपीसुद्धा दिसते. ते फडके कशाला झटकता?"

तो मागच्या सीटवर जाऊन बसला.

आमचे तरुण फौजदार मोबाईलवर मारुतीची देवळं शोधत होते. एक सापडलं, तिथे गेलो, तर भोवती भरलं गाव. दुसऱ्याच्या वाटेवर मोबाईलमधल्या बाईने आत्मविश्वासाने उजवीकडे वळायला सांगितलं आणि जीप एका बागेच्या कुंपणाला जाऊन भिडली. वरून काढलेल्या चित्रात मैलोगणती नुसती हिरवी झाडी होती. ड्रायव्हर दिवस मावळताना आला होता, त्यामुळे त्याला प्रत्येक बाग तीच वाटायची. मग रेंजही गेली. दुपारचे तीन वाजले होते. जीपमध्ये बसलेली मुलगी एव्हाना रडायचीही थांबली होती, आणि मला तिच्याकडे पाहवेना.

"कोतवाल," मी म्हणालो, "चला तुमच्या ऑफिसात."

त्याने लोखंडी कपाट उघडून कापडावर चिकटवलेले नकाशे काढले. कडा झिजलेल्या, पण वाळवीचा एक डाग नाही. दर उन्हाळ्यात तो ते उन्हात घालून, कडुलिंबाचा पाला घालून परत गुंडाळून ठेवायचा. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. नकाशे टेबलावर पसरायच्या आधी त्याने ड्रायव्हरला जवळ बोलावलं.

"मारोती होता, गाव नव्हतं, असंच म्हणाला नं गा तू?"

"हो काका."

"तं मंग रिठी आहे ते साहेब. रोगराईत नाही तं पाण्यापायी गाव उठून जाते, घरं मातीत जातात. मारोतीले कोणी हलवत नाही. तो, विहीर अन् चिचा तेवढ्या राहतात."

आमच्या भागात अशी रिठी गावं पुष्कळ आहेत. माणूस एकही नाही, तरी सरकारदरबारी ते गावच असतं, त्याचा वेगळा नकाशाही असतो. इतकी वर्षं पोलिसात काढून हे मला ऐकून माहीत होतं. वेळेवर आठवलं नाही, इतकंच.

त्याच्या सज्जात अशी तीन रिठी गावं होती. त्याने तिन्ही नकाशे शेजारी शेजारी मांडले आणि जुन्या पांदणीवरून, म्हणजे बैलगाडीच्या वाटेवरून, बोट चालवायला सुरुवात केली. पहिल्यात नाला पांदणीला शिवतच नव्हता. दुसऱ्यात एकदा आडवा येत होता. तिसऱ्यात नाल्याने वळसा घेतला होता आणि पांदण त्याला दोनदा ओलांडत होती. पुढे मारुतीची खूण होती. तिच्या पूर्वेला एक बारीक गोल, आत टिंब.

"हे विहीर," कोतवाल म्हणाला.

"तुम्ही गेला आहात तिथे?"

"नाही साहेब. तिथं कोण जाते? नकाशात पाह्यली, तेवढीच."

जीप पहिल्या नाल्यापर्यंत गेली. पुढची पांदण बागवाल्यांनी दोन्हीकडून खाऊन टाकली होती. व्हॅन नाल्याच्या कोरड्या पात्रातून गेली होती, आमची जीप वाळूत बसली. मग पायी निघालो. कोतवाल पुढे, नकाशा दोन्ही हातांत आडवा धरलेला. प्रत्येक वावराचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला की तो नकाशातला पुढच्या शेताचा आकडा मोठ्याने म्हणायचा. एका ठिकाणी थांबून म्हणाला, "इथं शिवेचा दगड पाह्यजे." समोर घाणेरीची दाट झुडपं होती. शिपायाने लाठीने ती बाजूला सारली आणि खाली दगड होता. तासलेला, तीन गावांच्या शिवेचा, ज्या जागी कागदावर होता त्याच जागी.

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. हातात मोबाईल असूनही आम्ही चार तास भरकटलो होतो. आणि इथे एक माणूस कधीही न पाहिलेल्या रानातून घरच्या अंगणात चालावं तसा चालत होता, कारण कोणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी याच उन्हात साखळी ओढत ही जमीन पावलापावलाने मोजली होती.

चिंचा दिसल्या, मग शेंदराचा मारुती. विहिरीजवळ जुन्या इंजिनाची खोली होती आणि वरून चिंचेची इतकी दाट सावली, की ती खोली कुठल्याही उपग्रहाला दिसली नसती. त्या सावलीनेच बाईंना जगवलं असं डॉक्टर नंतर म्हणाले. कुलूप तोडलं तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ फुटलेले, डोळे उघडे. मुलीने मांडीवर डोकं घेऊन चमच्याने पाणी पाजलं. मी बाहेर आलो आणि थोडा वेळ टोपी काढून उभा राहिलो.

पुतण्या दोन दिवसांनी पकडला गेला. शिक्षा झाली. केस डायरीत मी कोतवालाच्या नकाशाची नोंद केली, आणि निघतानाच त्याने तो देऊ केला असता मी नाकारला, हेही लिहिलं. फौजदार म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही साहेब. मला ती होती. ते चार तास बाईंनी त्या खोलीत काढले होते आणि ते माझ्या हुशारीमुळे.

महिनाभराने बाई मुलीला घेऊन ठाण्यात आल्या. म्हणाल्या, "मले तो नकाशा पाहाचा आहे." कोतवालाला बोलावून घेतलं. त्याने टेबल पुसून नकाशा उलगडला आणि विहिरीच्या गोलावर बोट ठेवलं. बाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"एवढूसाच?"

"एवढूसाच, माय."

त्यांनी त्या गोलाशेजारी आपलं बोट टेकवलं. बागेत राबून जाड झालेलं ते बोट त्या गोलापेक्षा कितीतरी मोठं होतं. "ज्यानं काढला त्याले काय माईत होतं," त्या म्हणाल्या, "का मी तिथं बसून राहीन म्हणून?"

मी घरी आल्यावरही तेच मनात घोळत होतं. त्या मोजणीदाराला खरंच काही माहीत नव्हतं. विहीर इकडे की तिकडे, हे तपासायला त्याच्या मागे कोणी येणार नव्हतं. गाव तर उठूनच गेलं होतं. एक विहीर गाळली असती तरी त्याचा पगार तेवढाच राहिला असता. तरीही तो उन्हात तिथपर्यंत चालत गेला आणि होती तिथेच त्याने ती काढली. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी प्रत्येक पंचनामा स्वतः जागेवर जाऊन, पावलं मोजून लिहिला.