आण्णांच्या लिव्हरातलं लोखंड

फौंड्रीत किस्से जमवावे लागत नाहीत. साच्याच्या काळ्या मातीसारखे ते अंगाला चिकटून घरी येतात, बायकोनं कितीही कटकट केली तरी जात नाहीत. कोल्हापुरातल्या आमच्या फौंड्रीत सध्या सगळे किस्से एकाच माणसाभोवती फिरतायत, आमचे भट्टीवरचे मिस्त्री आण्णा. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

सुरुवात थकव्यानं झाली. बोटांचे सांधे दुखायचे, अंग काळवंडत चाललेलं. भट्टीपुढं उभा राहणारा माणूस, कोण लक्ष देतंय? मग रक्त तपासलं, तर लिव्हर बिघडलेलं. झालं! शाहूपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत पै-पावण्यांत एकच चर्चा, आण्णा चोरून पितो. ज्या माणसानं जन्मात बिअरची बाटली हातात धरली नाही, त्याचं तोंड वहिनी रोज संध्याकाळी हुंगायला लागल्या.

शेवटी आण्णा डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, बदनाम तर झालोयच, आता थोडी घिऊ काय?"

डॉक्टरांनी हात जोडले.

*

दुखणं निघालं ते वेगळंच. आई-बाप दोघांकडनं आलेला दोष. जेवणातलं लोखंड शरीर गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं, ते बाहेर पडत नाही, लिव्हरात साठत जातं आणि लिव्हर हळूहळू निबर होतं.

दुसऱ्या दिवशी आमचा क्रेनवाला बाळू भंगारातला चुंबक घेऊन आला. चहाच्या सुट्टीत आण्णांचा शर्ट वर करून त्यानं तो बरगडीखाली लावून बघितला. चिकटला नाही. बाळूचा चेहरा पडला.

"रिपोर्ट चुकलाय आण्णा. आत माल न्हाय."

*

उपाय म्हणजे अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं. नवं रक्त करायला शरीर साठलेलं लोखंड वापरतं, हे आम्हाला नंतर कळलं. तोवर फौंड्रीतल्या पोरांना एवढंच ठाऊक, आण्णांचं रक्त काढलंय. आणि कोल्हापुरात माणूस अशक्त झाला की औषध ठरलेलं. त्या संध्याकाळी आण्णांच्या घरी डब्यांची रांग. एकात काळीज फ्राय, दुसऱ्यात बकऱ्याच्या रक्ताची रक्ती, तिसऱ्यात परत काळीज.

आण्णा एकेक झाकण उघडून बघत बसले. "दवाखान्यात काढलेलं सगळं एका जेवणात भरताय की रं."

*

आण्णांचा धाकटा भाऊ तानाजी आमच्याकडंच ग्राइंडिंगला आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं, सख्ख्या भावालाही असू शकतं, वेळेत कळलं तर लिव्हर वाचतं. आण्णांचं निबर झालंय ते काही पहिल्यासारखं व्हायचं नाही.

तानाजी कुठला ऐकतोय! "मला काय धाड भरलीया?" गणपती झाल्यावर बघू, दिवाळी झाल्यावर बघू, ऊस कारखान्याला गेल्यावर बघू. आण्णांचं भट्टीवर लक्ष लागेना, येरझाऱ्या घालायचे. मलाही चैन पडेना. तानाजीनं जांभई दिली तरी मला तो थकवाच वाटायचा.

मग आण्णांनी स्वतःचं रक्त काढायला जाणंच बंद केलं. "धाकट्याचं तपासल्याबिगार माझ्या अंगाला सुई लावायची न्हाय." वहिनी रडल्या, मालकांनी समजावलं, आण्णा हटेनात. एका सकाळी तानाजी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आला आणि तसाच ग्राइंडरवर जाऊन उभा राहिला.

*

रिपोर्ट आला त्या दिवशी आण्णा पेढ्यांचा बॉक्स घेऊनच फौंड्रीत शिरले. "तानाजीलाबी त्येच निघालं," म्हणत प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत सुटले. खायचा की नाही, कुणाला कळेना.

बाळूनं भीत भीत विचारलं, "मग पेढं कशाचं, आण्णा?"

"लिव्हर स्वच्छ हाय त्येचं. येळंत घावलं."

वाटत वाटत ते ग्राइंडरपाशी पोचले. तानाजीनं मशीन बंद केलं. पेढा घेतला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

"आण्णा, आन् तुझं?"

"खा की आदी," आण्णा म्हणाले.