घाटंजीचा मुका स्क्रम

आता माझी काय फजिती झाली ते ऐका! हसायचं तेवढं हसा, फक्त कपातला चहा सांडू नका.

साठ-एकसष्टचा हिवाळा. मी मुंबईला कॉलेजात रग्बी खेळायचो आणि सुट्टीत मामाकडे घाटंजीला आलेलो. मामानं हायस्कूलच्या हेडमास्तरांकडे शब्द टाकला, "माह्या भाच्याले ड्रिल मास्तर घ्या." ते म्हणाले, "उद्या सकाळी शिकवताना पाहतो. मग ठरवू."

झालं! अहो, ही नोकरी म्हणजे माझं लग्न होतं! नोकरी नाही तर पोरगी नाही, असं तिच्या बापानं तोंडावर सांगितलेलं.

त्याच संध्याकाळी मी कापसाच्या जिनिंग कारखान्यातले सोळा गडी गोळा केले. रग्बीत स्क्रम असतो. दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकतात, खांदे भिडवतात, डोकी एकमेकांत खुपसतात आणि मधल्या चेंडूसाठी ढकलाढकली. आधी मी त्यांना जुनी रीत शिकवली, आरडाओरडा करत धावायचं आणि धाडकन धडकायचं. त्यात त्यांच्यातल्या पुंजारामची मान लचकली. म्हणून मग आमच्या कॉलेजातली नवी रीत काढली.

"धावायचं नाही. हळूच वाकायचं, खांद्याला खांदा लावायचा आणि गप! मी 'हो' म्हणेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, सोडायचं नाही!"

"अन् तुम्ही 'हो' म्हटलंच नाही तं?" पुंजारामनं विचारलं.

"म्हणेन ना बे! कायले घाबरतं?"

सकाळी मैदानावर हे धुकं! स्वतःचा हात दिसेना. गडी रातपाळी करून थेट आलेले, अंगभर कापूस चिकटून पांढरेफटक. वाकले, भिडले, गप झाले. आणि माझ्या लक्षात आलं, चेंडू मैदानाच्या कडेला बाभळीखालीच राहिला!

गेलो, चेंडू घेतला, वळलो. कुठं वळलो देव जाणे. चालतोय, चालतोय... मैदान संपेचना. पाखरू नाही, कुत्रं नाही. जिनिंगचा भोंगाही गप्प. माझ्याच पावलांचा आवाज मागून कुणी चालल्यासारखा येत होता.

आणि समोर ते दिसलं.

पांढरं. बैलगाडीएवढं. खाली पायच पाय, उघडे, काळे! वर नुसत्या पाठी. डोकं? एकसुद्धा नाही! धुक्यात ते सगळं एकदम फुगायचं, एकदम बसायचं. आतून वाफ निघत होती. खोल कुठूनतरी घरघर... हूंऽऽ... हूंऽऽ...

तुम्ही म्हणाल, गाढवा, ओळखलं नाहीस? अहो कसं ओळखणार! मी नेहमी पुढच्या ओळीत मधोमध, मान खाली. स्क्रम बाहेरून कसा दिसतो ते मी जन्मात पाहिलं नव्हतं!

त्याचा एक पाय हलला. माझ्याकडे.

मी जी किंकाळी फोडली, ती मला स्वतःलाच अनोळखी वाटली. पळालो तो धुक्यात कुणाच्या तरी अंगावर आदळलो. थंडगार हात माझ्या गळ्यात! मी आणखी ओरडलो, तोही ओरडला. ते हेडमास्तर होते. मी त्यांच्या कमरेला जी मिठी मारली, ती त्यांच्यासोबत आलेल्या मामानं सोडवली.

"काहून बोंबलून राह्यला बे?"

मी नुसतं बोट दाखवलं. तिघं चिकटून पुढे सरकलो. ते तिथंच होतं. तसंच फुगत, तसंच बसत. मामानं हातातली काठी उगारली, तर त्याच्या पोटातून आवाज आला,

"मास्तर, 'हो' म्हणा ना जी! मान अकडून गेली!"

पुंजाराम!

मी तोंड उघडलं. नुसती हवा! ओरडून ओरडून घसा पार बसलेला. "ह्... ह्..."

"'हो' आल्याबिगर सोडू नका रे!" आतून पुंजारामनं बजावलं. अशी शिस्त तुम्ही पाहिली नसेल!

शेवटी हेडमास्तरांनीच खणखणीत "हो!" केलं. सोळा जणांनी एका दमात जोर लावला, आणि अख्खा घोळका एका बाजूला कोसळला. आणि मी उभा कुठं? बरोब्बर समोर! उठलो तेव्हा नाकातोंडात माती, आणि पाठीवर पुंजाराम बसलेला.

हेडमास्तरांनी धोतर झटकलं, चष्मा पुसला. मी आशेनं पाहतोय.

"पद्धत उत्तम आहे," ते म्हणाले, "ड्रिल मास्तर म्हणून पुंजारामला घेतो."

"अन् माहा भाचा?" मामानं विचारलं.

हेडमास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पहिलीच्या वर्गात एक जागा आहे. पण त्याला सोडायला आणि न्यायला रोज घरचं माणूस यावं लागेल!"