मला जागा राहू दे

पद्मिनीबाई उजगरे चौतीस वर्षं नर्स होत्या. डॉक्टरांच्या ओरडण्याला त्यांनी कधी भीक घातली नाही, आणि रक्त पाहून चक्कर आलेल्या धडधाकट बाप्यांना त्यांनी दोन हातांनी उचलून बाकावर निजवलं होतं. अशा बाईच्या जिवाला बहात्तराव्या वर्षी घोर लागला, आणि तोही कसला, तर प्रार्थनेला बसायला जागा मिळेना याचा.

तीन आठवड्यांपूर्वी मुलानं, उदयनं, त्यांना रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या भाड्याच्या घरातून तेलीबांध्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. सहावा मजला, लिफ्ट, खाली तलाव. उदय आणि सून अस्मिता दोघं नव्या रायपूरला नोकरीला. नात देवश्री बारावीला, परीक्षा तोंडावर. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि बाईंना बसायलाही नव्हती.

ब्राह्मणपाऱ्यात खिडकीशी त्यांची लाकडी खुर्ची असे. पलीकडच्या देवळात पहाटेची आरती सुरू झाली की बाई खुर्चीत बसायच्या. चाळीस वर्षं त्या आरतीची आणि बाईंच्या प्रार्थनेची वेळ एकच, पण कोणाची कोणाला अडचण झाली नाही. तिथं बसलं की देव समोर येऊन बसल्यासारखा वाटे. आता ती खुर्ची बाल्कनीत वॉशिंग मशीनला खेटून होती. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात कुकर, निजायच्या खोलीत उदयचे फोन. डोळे मिटले की बाईंना गॅस बंद केला का ते आठवायचं. आमेन म्हणेपर्यंत मन दहा घरं फिरून यायचं.

त्यांना भीती वाटत होती. आयुष्यभर जवळ असलेला देव शेवटच्या दिवसांत हातातून सुटतो की काय, ही ती भीती. चर्चच्या पाळकसाहेबांना त्यांनी विचारलंही. ते म्हणाले, "बाई, देव सर्वत्र आहे."

"सगळीकडं आहे हे मले बी ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "पण मले भेटत तिथंच होता ना!"

जुन्या घराची चाबी अजून त्यांच्या पदराच्या गाठीत होती. घरमालक श्यामरावांना ती रविवारी उपासनेनंतर द्यायची ठरली होती. एकदा दिली की झालं. नाही दिली, तर परत जाऊन एकटं राहता येईल. पडलं-झडलं तर कोण बघणार, हा प्रश्न उदय रोज विचारत होता. बाई नुसती गाठ चाचपत.

या जागेच्या हट्टाला मूळ होतं. बाईंचे वडील तुमसरकडे रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी यायची वेळ झाली की फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं, एवढंच काम. पण बारा-बारा तास. ते ड्यूटीला निघण्याआधी एक वही उघडून एकच ओळ म्हणत. ओळ त्यांनीच लिहिलेली, मोठ्या वाकड्या अक्षरात: 'देवा, तुझ्यापाशी मला जागा राहू दे.' वडील गेले तेव्हा आई म्हणाली, "बघ, जन्मभर देवापाशी जागा मागत होते, मिळाली." तेव्हा पद्मिनी नऊ वर्षांची होती. वही तिच्याकडे आली, आणि पुढं स्वतःचा संसार थाटल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर देवासाठी एक जागा केली. खिडकी आणि खुर्ची.

शनिवारी दुपारी बाई ती वही हातात घेऊन घरभर फिरत होत्या. उद्या रविवार. बाल्कनीत बसून पाहिलं, मशीन कपडे पिळायला लागली. जिन्यात बसून पाहिलं, वॉचमन "माताजी, तबीयत ठीक है ना?" म्हणून विचारायला आला. पुन्हा आत आल्या तर देवश्री दारात उभी.

"आजी, मेरे कमरे में बैठ जाओ ना."

हे ती चौथ्यांदा म्हणत होती. आधीच्या तिन्ही वेळी बाई म्हणाल्या होत्या, "तू पुटपुटून राहते, अन् तो पंखा कुरकुरते. माह्यं ध्यान लागत नाही." आज पाय दुखत होते म्हणून त्या आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. टेबलावर देवश्रीचा डबा होता, सकाळचा. झाकण लावलेला.

"क्या ढूंढ रही हो इतने दिन से?" देवश्रीनं वही ओढून घेतली. पोरीला मराठी कळे, बोलायचं म्हटलं की हिंदी. पण लिपी तर एकच. तिनं शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं, आणि थांबली. "अरे वा! परनाना तो हम लोगों के जैसे हिंदी बोलते थे क्या? देवा, तेरे पास मुझे जागा रहने दे."

"जागा म्हंजे जगह, बावळट," बाई करवादल्या. "मराठी शीक जराशी."

"पर वो तो फाटक पे थे ना, आजी? जगह क्यों माँगेंगे? नींद आती होगी बेचारे को."

बाईंनी वही परत ओढून घेतली आणि ओळ पुन्हा वाचली.

मला जागा राहू दे. मला उभा राहू दे, तसं. पुरुषमाणसानं लिहिलेलं वाक्य. त्या स्वतः लिहित्या तर 'जागी' लिहिलं असतं. फाटकावरच्या माणसाला भीती एकच, डोळा लागण्याची. डोळा लागला, बैलगाडी रुळावर राहिली, की संपलं. बापानं स्वर्गातली खुर्ची मागितलीच नव्हती. जागं ठेव, एवढंच म्हणाला होता, आणि लेक त्रेसष्ट वर्षं त्यावर खुर्ची मांडून बसली होती. बाईंना हसू आलं आणि त्याच्या मागोमाग लाज वाटली. कारण जागं म्हणताच त्यांची नजर वहीवरून उठली आणि पहिल्यांदा पोरीकडे नीट गेली.

डोळ्यांखाली काळं. ओठ फुटलेले. टेबलाखाली पाय एकसारखा हलत होता. डबा झाकलेला. कालही भरलेलाच परत आला होता. बाईंनीच धुतला होता आणि मनात देवाला शोधत होत्या.

"हात आण इकडं."

"कुछ नहीं हुआ, आजी."

"आण म्हणते ना!"

नाडी बघायची बाईंची एक पद्धत होती. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणणाऱ्या नर्सांचा त्यांना संताप यायचा. माणूस पूर्ण मिनिटभराचा असतो, असं त्या म्हणत. तीन बोटं मनगटावर, डोळे घड्याळाच्या काट्यावर, आणि मिनिटभर मागं कोणी मेलं तरी वळून बघायचं नाही. पदराची गाठ दोघींच्या हातांमध्ये टोचत होती, म्हणून त्यांनी ती सोडून चाबी टेबलावर ठेवली आणि मोजायला लागल्या.

एकशे अठरा.

"काहून गं? झोपत नाहीस तू?"

मग पोरीचा बांध फुटला. "सब भूल जाती हूँ, आजी. किताब खोलो तो अक्षर हिलते हैं. खाना गले से नहीं उतरता. मम्मी को मत बताना. इसलिए तो बोल रही थी, मेरे पास बैठ जाओ. अकेले में डर लगता है."

लेकरू चारदा बोलावून गेलं, आणि त्या देवाला जागा शोधत जिन्यात बसल्या होत्या.

"आईले मी सांगीन, अन् ती रागावणार नाही. सोमवारी दवाखान्यात जाऊ. घाबरू नको. मी बी घाबरूनच होती इतके दिवस." त्यांनी डबा उघडला आणि चार घास पोरीला भरवले. मग म्हणाल्या, "आता परत पाहू दे."

तीन बोटं मनगटावर ठेवली. पंखा कुरकुरत होता. देवा, तुझ्यापाशी मला जागी राहू दे, त्या मनात म्हणाल्या, आणि या पोरीला थोडी झोप दे. बोटांखाली ठोका येत होता. त्यांना गॅस आठवला नाही. अशा किती मनगटांवर किती मिनिटं त्या बसल्या होत्या, आणि त्याला नुसती ड्यूटी समजत आल्या होत्या!

उदय दारात आला, उद्याच्या चाबीचं विचारू लागला. बाईंनी मान न वळवता टेबलाकडे बोट केलं. तो चाबी उचलून गेला, ते त्यांना कळलंही नाही.

काटा तीनदा फिरून आला. ठोके सावकाश होत होते. देवश्रीचे डोळे जड झाले होते.

"कितना हुआ, आजी?"

"मोजायचं राहून गेलं," बाई म्हणाल्या. "राहू दे हात तसाच."