कारणाचा रकाना

लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा मी चंद्रपूरला बीएस्सी करत होते. आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी कॉम्प्युटरवर सापाचा खेळ लावून दिला. साप भिंतीवर आपटायचा आणि बाबा म्हणायचे, "राहू दे. माह्या हातानं नाई होत."

ते ऐकून मला त्यांचाच राग यायचा. प्रोग्रामिंगचा ओ की ठो येत नसताना मी त्या खेळाचा कोड नेटवरून उतरवला. जेमतेम दोनशे ओळी. वरून खाली वाचत गेले, तर एका ओळीत १०० दिसले. हाच वेग, असं समजून तो कमी करायला ५० केले आणि साप दुप्पट पळाला. बाबांनी डोळेच मिटून घेतले. पुन्हा वाचल्यावर उमगलं, तो आकडा सापाच्या दोन हालचालींमधल्या थांब्याचा होता. ४०० केल्यावर साप बेतानं चालू लागला. आजारपणानंतर बाबा पहिल्यांदा हसले. मग लगेच विचारलं, "जुना आकडा कुठी लिहिला?"

"नाई लिहिला."

"मग बिघडलं तं मांगं कशी येशीन?"

त्यांची सारी नोकरी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली होती. तिथं काहीही बदललं की लॉगबुकात नोंद व्हायची: जुना आकडा, नवा आकडा, कारण. कारणाचा रकाना कोरा दिसला तर बाबा आधीच्या पाळीकडून चार्ज घेत नसत. मी कोडमध्ये तशी नोंद केली. कॉम्प्युटरनं ती ओळ वगळावी म्हणून तिच्याआधी दोन तिरप्या रेघा दिल्या. हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

महिन्याभरानं खेळ सुरूच होईना. फाइल उघडली तर मध्येच एक ओळ घुसलेली, रेघांशिवाय.

"बाबा, काऊन हात लावला? सगळा सत्यानाश केला!" मी ओरडले. मग मी ती ओळ वाचली. रोमन अक्षरांत, लॉगबुकातल्यासारखी: ४०० चे ३००. कारण, हात सुधारला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली, रेघा कशा द्यायच्या ते शिकवलं. पण त्यानंतर खेळाचा विषय त्यांनी माझ्याकडे काढला नाही आणि मीही फाइल उघडली नाही.

हिवाळ्यात बाबा गेले. काही दिवसांनी मी ती फाइल उघडली. त्यांच्या आणखी दोन नोंदी होत्या, रेघा बरोबर दिलेल्या. ३०० चे २५०. कारण, हात सुधारला. आणि शेवटची, साप कधी नव्हे इतका मंद करणारी: २५० चे ६००. कारण.

त्यापुढं काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी मी घरातच असेन, शेजारच्या खोलीत.