आत्याबाईंची बकुळा

आपण हरलो हे आमच्या आत्याबाईंना पटवून देईल असा माणूस कुरुंदा गावात तर नव्हताच, पण पुण्या-मुंबईतही तो अजून जन्माला यायचा होता. तिथल्या चित्रपट कंपन्यांनी आपापल्या परीनं काही वर्षं प्रयत्न केला. कथा परत पाठवल्या, खुलासे पाठवले, पुढे पुढे तर खुलासा पाठवणंही सोडून दिलं. आत्याबाईंनी त्यातून दर वेळी एकच अर्थ काढला, की कंपनीला अजून अक्कल यायची आहे आणि ती येईपर्यंत आपण लिहीत राहिलं पाहिजे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी त्या सासरहून एकट्या, पायी माहेरी आल्या आणि परत गेल्या नाहीत. का आल्या, हे घरात कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी सून होऊन आले तेव्हा या गोष्टीला बारा वर्षं होऊन गेली होती आणि सगळं घर त्यांना टरकून होतं. अंगानं उंच, काटक. आवाज असा की ओसरीवरून नुसतं खाकरल्या तरी रस्त्यातला गाडीवान बैल थांबवायचा. छापील अक्षर त्यांना सावकाश वाचता येई, पण लिहिता येत नसे, कारण उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. जात्यात सापडली, असं त्या सांगत. निजामाच्या राज्यात शाळा उर्दू. मराठी लिहिणारी बाई आमच्या गावात शोधूनही सापडली नसती. मी मात्र पुसदची, म्हणजे वऱ्हाडातली, मराठी चौथी पास. हे कळलं त्याच दिवशी त्यांनी मला चुलीपुढून उठवलं. "भाकरी कोनीबी थापंल," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "ही पोरगी माझी."

या वेडाचं मूळ मी यायच्या आधीचं, हिंगोलीतलं होतं. तिथं तंबूतला सिनेमा आला होता आणि घरची मंडळी बैलगाडी जुंपून तो पाहायला गेली होती. शेवटी नायिका विहिरीत उडी घेते. सगळा तंबू डोळे पुसत बाहेर पडला. आत्याबाई तेवढ्या तंबूवाल्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "पुढचं काहून दाखवून न्हाई राहिले?" तो म्हणाला, "संपलं, बाई." "संपलं कसं? विहीर किती खोल व्हती?" परतीच्या वाटेवर त्यांनी त्या बाईला विहिरीतून बाहेर काढलं, सासऱ्यावर फिर्याद करायला लावली आणि वाटेतलं औंढा गाव यायच्या आत निकालही लावून टाकला. ऐकता ऐकता गाडीवान दोनदा वाट चुकला. पुढे माझ्या यजमानांनी वसमतहून एक मासिक आणलं. त्यात एका कंपनीची जाहिरात होती, की चित्रपटासाठी कथा मागवत आहोत, उत्तम ठरेल ती पडद्यावर येईल. आत्याबाईंनी ती तीनदा वाचली आणि म्हणाल्या, "यायला पाहिजेच व्हतं ह्यांनी आपल्याकडं."

मग मी आले आणि आमचा मेळ जमला. परसात हळद शिजत असायची, बायका कढईभोवती असायच्या आणि आत्याबाई एका हातानं जाळ सारत मला सांगायच्या. लिहिण्याखेरीजच्या वेळात त्या गावाकडं कंपनीच्या मालकिणीच्या नजरेनं पाहत. भावकीतली एक पोरगी सासरी जाताना आईच्या गळ्यात पडून रडत होती, तिला त्या म्हणाल्या, "असं तोंड खुपसून रडलीस तर मागच्या मानसाला काय दिसंल? मान वर कर जरा." विहिरीवर दोघी जणी कडाकडा भांडत होत्या. आत्याबाई घागर टाकून धावल्या आणि भांडण पहिल्यापासून पुन्हा करायला सांगितलं, कारण पहिलं वाक्य त्यांना ऐकू आलं नव्हतं. त्या दोघींना काही केल्या ते आठवेना आणि भांडण तिथंच मोडलं. गाणी मात्र त्यांनी कधी रचली नाहीत. जिथं गाणं हवं तिथं त्या मला लिहायला लावत, 'इथे गाणे आहे. ते तुमचे तुम्ही करा. पण रडके नको.'

पहिली कथा दोन महिन्यांनी 'साभार परत' म्हणून आली. दुसरी पाठवताना त्यांनी अकराव्या आणि बाराव्या पानाच्या मधे चिमूटभर हळद टाकली आणि पानांच्या कडा खळीच्या एका ठिपक्यानं चिकटवल्या. तीही परत आली. ठिपका जागच्या जागी होता, हळदही. मी हिरमुसले, पण आत्याबाईंना जत्रेला निघाल्यासारखा आनंद झाला. "घे कागद. लिही. कथा पोचली. तुमी ती वाचली न्हाई हे आमच्या हळदीनं सांगितलं. म्हनून तुमचा नकार आमाला कबूल न्हाई. तीच कथा फिरून पाठवून राहिलो. ह्या येळंस बाराव्या पानाच्या पुढं जा." अशी पत्रं मी किती लिहिली याचा हिशेब नाही. मासिकात कुठंही स्पर्धा निघो, कुरुंद्याहून लखोटा गेलाच म्हणून समजा.

बकुळेची गोष्ट त्यांनी एका उन्हाळ्यात सांगितली. सांगताना या वेळी त्या जाळापाशी नव्हत्या. कोठीत, दार लोटून बसल्या होत्या. बकुळा नावाची सून. नवरा तापट. एकदा ती त्याच्या आधी जेवली म्हणून तो तिचा हात धरून दाराच्या चौकटीवर ठेवतो आणि दार लावतो. माझा टाक थांबला. मी त्यांच्या बोटांकडं पाहिलं नाही, पाहवलंच नाही. "थांबू नको," आत्याबाई म्हणाल्या, "शाई वाळती." मग बकुळा कासाराबरोबर भावाला निरोप धाडते, मला घेऊन जा. भाऊ उलट निरोप देतो, थोडं सोस, रुळशील. आणि सोबत एक नवं लुगडं पाठवतो. ते लुगडं न नेसता बकुळा निघते, नदी ओलांडते, पलीकडच्या गावात खाणावळ घालते. एक दिवस नवरा तिथं जेवायला येतो. ती त्याला पोटभर वाढते आणि जेवण झाल्यावर म्हणते, "ताट उचला. इथं ज्याचं त्यानं उचलायचं." संपलं.

या कथेला उत्तर आलं. 'श्रीयुत' असा मायना होता, तो आत्याबाईंनी माफ केला. कथा निवडली होती. मात्र शेवटी नायिकेनं पतीची क्षमा मागून घरी परतावं, म्हणजे प्रेक्षक समाधानानं घरी जातील, एवढा बदल पंधरा दिवसांत करून पाठवावा.

"प्रेक्षकानं घरी जावं म्हनून बकुळेनं काहून घरी जावं?" आत्याबाईंनी विचारलं. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हातात आली होती. मी म्हणाले, एकच पान तर बदलायचंय. त्या माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत.

एवढ्यात मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पत्राचा सुगावा लागला. सिनेमाच्या जाहिरातीत घराचं नाव भिंतीभिंतीवर लागणार या विचारानं ते तापले. दुपारी ओसरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "काय लिव्हलंय ते वाच. सगळं वाच." मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी खांबाला पाठ टेकली आणि मानेनंच 'वाच' म्हणाल्या.

मी वाचत गेले. दाराची जागा आली तेव्हा मामंजींचा पानाचा हात अर्ध्यावर राहिला. कासार आला, निरोप आला. 'भावाने हिरवे लुगडे पाठविले,' एवढं मी वाचलं आणि मामंजी खाली बघत म्हणाले, "हिरवं न्हवतं. जांभळं व्हतं."

मग आत्याबाई म्हणाल्या, "पडद्यावर रंग दिसत न्हाई, दादा."

मी उरलेलं कसंबसं वाचून संपवलं. उठताना मामंजींनी विचारलं, "शेवट बदला म्हनतेत व्हय ते?"

"व्हय."

"नको बदलू," ते म्हणाले आणि पायात वहाणा न घालताच शेताकडं गेले.

संध्याकाळच्या आत पत्र तयार झालं. त्यात एकच ओळ होती, 'बकुळेला विचारले. ती येणार नाही म्हणते.' कंपनीकडून पुन्हा काही आलं नाही. मला फार वाईट वाटलं. आत्याबाईंना किती वाटलं ते त्यांनी कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मला नव्या कथेला बसवलं. फरक एवढाच पडला, की दुपारी लिहायला बसलो की मामंजी येऊन खांबापाशी टेकायचे. सुपारी कातरत ऐकायचे आणि आत्याबाई दम घ्यायला थांबल्या की म्हणायचे, "मंग? पुढं?" त्या म्हणायच्या, "मधी बोलू नको, दादा. पोरगी लिव्हताना चुकंल."

पुढे निजामाच्या राज्यात जाळपोळीचे, धामधुमीचे दिवस आले. पुष्कळ घरं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली, तसे आम्हीही माझ्या माहेरी गेलो. आत्याबाईंनी तिथूनही एक लखोटा रवाना केला. त्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत त्या गेल्या. निजामाचं राज्य गेलेलं त्यांनी पाहिलं नाही. शेवटच्या, अर्ध्या राहिलेल्या कथेतली पोरगी पूर्णा टेसनात चुकीच्या गाडीत बसली होती आणि गाडी नुकती सुटली होती.

कुरुंद्याला परतल्यावर एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. मामंजी येऊन खांबापाशी बसले. सुपारी कातरली, पण तोंडात टाकली नाही.

"ती पोरगी," ते म्हणाले, "उतरली कुठं?"

"मला न्हाई ठाऊक, मामंजी."

"इतकी वर्सं माझ्या बहिनीचं लिव्हलंस. तूच सांग की."

ते वाट पाहत होते. सांगायच्या त्या आत्याबाई. मला फक्त लिहिता येत होतं.