शेवटची दोन रिळे

शेषगिरी नाडगीर धारवाडच्या कोर्टात नक्कलनवीस होते. निकाल, खरेदीखते, जबान्या यांच्या नकला करायच्या, एवढेच काम. नक्कल झाली की दुसरा कारकून मूळ कागद मोठ्याने वाची आणि नाडगीर आपल्या कागदावर बोट फिरवीत. याला रुजुवात म्हणत. खाली दोघांच्या सह्या होत. चौदा वर्षांत नाडगिरांच्या नकलांत तीन चुका निघाल्या होत्या आणि त्या तिन्ही त्यांना पाठ होत्या.

१९३७ पासून दर सोमवारी वाचनालयाच्या फळ्यावर त्यांच्या हातचा एक फुलस्केप कागद लागू लागला. मथळा ठरलेला: ‘शनिवारी पाहिलेला बोलपट’. अक्षर कोर्टाचेच, गोल आणि सरळ. मजकूरही जबानीसारखा. ‘राजवाडा चांगला उभारला आहे. मात्र राणी रागाने निघून जाते तेव्हा दगडी खांब हलतो.’ ‘नायक गाण्यापूर्वी केस सारखे करतो. पुढे गाणे आहे हे आपल्याला कळते.’ ‘घोड्याचे काम उत्तम.’ कागदाच्या शेवटी गोष्टीचा शेवट असे, सात-आठ ओळींत. वकील, मास्तर, पेन्शनर मंडळी आधी तो कागद वाचत आणि मग वर्तमानपत्रे उघडत. हुबळीला जाऊन बोलपट पाहणे सगळ्यांना जमत नसे. तंबूचा सिनेमा धारवाडात येई, पण जुनी चित्रे घेऊन.

नाडगिरांना जमे ते मारुतीमुळे. त्यांचे वडील बाळाचार्य मूळचे जुन्या हुबळीचे. दर शनिवारी तिथल्या मारुतीला नारळ फोडायचा, दिवसभर निरंकार राहायचे आणि संध्याकाळी त्या प्रसादावर उपास सोडायचा, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता. गुडघे गेल्यावर नारळ मुलाकडे आला. उपास त्यांच्याकडेच राहिला. शनिवारी कोर्ट लवकर सुटे. नाडगीर दुपारच्या गाडीने हुबळी गाठत, नारळ फोडत, अर्धी वाटी पंच्याच्या टोकाला बांधत आणि साडेतीनच्या खेळाला जाऊन बसत. परतीची गाडी सहा चाळीसला. ती पकडली तर आठच्या आत प्रसाद बाळाचार्यांच्या हातावर पडे. त्यानंतरची गाडी फार उशिराची.

खेळ सात वाजता संपे.

म्हणजे दीड वर्षात नाडगिरांनी एकाही बोलपटाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटची दोन रिळे राहिली की ते उठत, शेजाऱ्यांच्या पायांवरून वाट काढत आणि स्टेशनकडे धावत. दाराशी गाण्यांचे पुस्तक मिळे, त्यात गोष्टही छापलेली असे, पण तीही नेमक्या त्याच जागी थांबून पुढचे पडद्यावर पाहा म्हणे. वाटेतले अमरगोळ स्टेशन मागे पडेपर्यंत नाडगीर खिडकीशी गप्प बसत. धारवाड येईतो शेवट तयार झालेला असे.

तो पहिल्यांदा स्वयंपाकघरात सांगितला जाई. त्यांची थोरली बहीण अंबूताई वीस वर्षांपूर्वी विधवा होऊन माहेरी आली होती. तिने बोलपट पाहिलेला नव्हता आणि पाहील अशी शक्यताही नव्हती. बाळाचार्यांचे जेवण उरकले की ती चुलीपुढे बसून ऐके आणि नाडगीर थांबले की कानडीत विचारी, “मुंदेनायितु?” पुढे काय झाले? तिच्यासाठी म्हणून सुरू झालेले शेवट सोमवारी फळ्यावर गेले. नक्कल करणाऱ्या माणसाने मूळ पाहिलेच नसेल, अशी शंका कोणाला आली नाही.

१९३९च्या जानेवारीत तंबू आला. पहिलेच चित्र नाडगिरांनी वर्षभरापूर्वी लिहिलेले होते. हार चोरल्याचा आळ आलेल्या एका सुनेची गोष्ट. नाडगिरांच्या कागदात सोनार हार ओळखतो, सासू माफी मागते आणि सून पुन्हा स्वयंपाकघरात जाते. राघवेंद्र हुद्दार वकिलांनी तंबूत जाऊन चित्र पाहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालय भरलेले असताना विचारले,

“काय नाडगीर, तुमची सून बरी आहे ना?”

“कुठली सून?”

“हारवाली हो. तुमची अजून पोळ्या लाटते आहे. आमची काल नदीत गेली.”

लोक हसले. नाडगीर हसले नाहीत.

“एखादे वेळी कापलेली फिल्म असेल,” ते म्हणाले.

“कापून माणूस मरतो होय? कापली तर उलट वाचायला हवी!” हुद्दार खुर्ची ओढून समोर बसले. “शेवट बघितला होता का तुम्ही? हो की नाही, एवढंच सांगा.”

जबान्यांच्या नकला करून नाडगिरांना या प्रश्नाची जात माहीत होती. ते म्हणाले, “नाही.”

“आणि बाकीचे?”

“तेही नाही.”

मग हसणे थांबले. हुद्दारांचा आवाजही उतरला. “अहो, तुमच्या सहीच्या नकला आम्ही जज्जापुढे ठेवतो,” ते म्हणाले. वाचनालयाच्या चिटणिसांनी एवढेच ठरवले की सोमवारचा कागद शेवटापर्यंत पाहून लिहिलेला असेल तर लागेल, नाहीतर फळ्यावरची ती जागा रिकामी राहील.

नाडगिरांना कागदाचे फारसे वाटले नाही. सहीचे वाटले.

त्या शनिवारी ते शेवटापर्यंत बसायचे ठरवूनच निघाले. प्रश्न नारळाचा होता. त्यांच्या गल्लीत राहणारा गोपाळ जोशी रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि सहा चाळीसच्या गाडीवर त्याची पाळी असे. घर आचारविचाराचे, संध्या करणारा, पंक्तीला चालणारा माणूस. नाडगिरांनी सगळ्या बाजूंनी विचार केला आणि मंदिरातून परत स्टेशनवर जाऊन प्रसाद त्याच्या हाती दिला.

“अप्पांना नेऊन दे. मला काम निघालंय म्हणून सांग.”

“कसलं?”

“कोर्टाचंच समज.”

ते सात वाजेपर्यंत बसले. चित्र एका सावकाराच्या दोन भावांचे होते. शेवटच्या रिळात दोघे भाऊ देवळात भेटतात, गावकरी गोळा होतात आणि सगळे मिळून एक भजन म्हणतात. भजन लांब होते. दिवे लागले तेव्हा नाडगीर आणखी थोडा वेळ बसून राहिले, काही उरले असेल तर म्हणून.

रविवारी सकाळी ते उठले तेव्हा बाळाचार्य पूजेला बसले होते. अंबूताईने खुणेने त्यांना मागच्या दारी बोलावले.

“अप्पा जेवले नाहीत काल.”

“का? गोपाळ आला नाही?”

“आला की, वेळेवर आला. प्रसाद पिशवीतून काढून दिला.”

“मग?”

“पिशवी कातड्याची, शेषू. तिकिटाच्या पैशांची.”

नाडगिरांनी गोपाळची जात, गोत्र, स्नान, संध्या सगळे तपासले होते. त्याच्या खांद्याला काय लटकते ते तपासायचे राहिले. ही चौथी चूक.

नैवेद्य झाला, बाळाचार्य पाटावर बसले. पहिले पाच घास त्यांनी न बोलता घेतले. नाडगीर खांबाशी उभे होते.

“बोलपट होता?” बाळाचार्यांनी विचारले.

“हो, अप्पा.”

“दर शनिवारी?”

“हो. पण नारळ आधी फोडतो.”

“ते ठाऊक आहे. नारळाला धूर लागत नाही, तुझ्या पंच्याला विड्यांचा वास येतो.” त्यांनी भातावर ताक ओतून घेतले. “काल शेवटी काय झालं?”

“सगळे एकत्र जमून भजन म्हणतात.”

“आणि?”

“संपतं.”

“एवढ्यासाठी मी उपाशी?” बाळाचार्य म्हणाले. “भजन तर इथंही होतं. साकु, पुरे. ती गाडी चुकवायची नाही.”

सोमवारी फळ्यावर कागद लागला. भजनासकट, शेवटापर्यंत, खाली सही. हुद्दारांनी तो उभ्याने, सहीपर्यंत वाचला. पुढच्या सोमवारचा कागद वेगळा होता. मजकूर तीनचतुर्थांश पानात संपला होता. त्याखाली ओळ होती: ‘येथपर्यंत पाहिले. पुढील दोन रिळे पाहिली नाहीत.’ मग चार बोटे कोरी जागा आणि डाव्या कोपऱ्यात ‘नक्कल करणार’ म्हणून नाडगिरांची सही. उजव्या कोपऱ्यात ‘रुजुवात घेणार’ एवढेच लिहून पुढे मोकळे सोडले होते.

बुधवारी हुद्दार अशिलाच्या कामाला हुबळीला गेले. गुरुवारी कोऱ्या जागेत त्यांनी शिसपेन्सिलीने पाच ओळी लिहिल्या आणि उजवीकडे सही केली. चिटणिसांनी ना अर्ध्या कागदाला हरकत घेतली, ना पेन्सिलीला. नंतर तशीच वहिवाट पडली. जो शेवट पाहून येई तो लिही. एका चित्राच्या शेवटाखाली तिघांच्या सह्या पडल्या, एकाचा शेवट जुलैपर्यंत कोराच राहिला.

अंबूताईला हे सगळे कळले होते. त्यानंतरच्या एका शनिवारी बाळाचार्य वेळेवर जेवून अंथरुणावर पडले आणि नाडगीर चुलीपुढे गोष्ट सांगू लागले. मुलगी घर सोडून निघते, तिची गाडी सुटायला आलेली असते, तिथे ते थांबले.

“मुंदेनायितु?”

“पुढचं पाहिलं नाही, अक्का.”

“ते फळ्यावर,” अंबूताई म्हणाली. “इथं कुठं सही करायची आहे? सांग.”

नाडगिरांनी पाट पुढे ओढला आणि सांगितले.