मास्तरांचा डावा हात

मास्तर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडच्या घरी एका कार्यक्रमाचं परीक्षण लिहीत बसले होते. फोन त्यांच्या वाद्यवृंदातल्या ट्रम्पेटवाल्या सुकदेवभाऊंचा. ‘ताई, मास्तर गयात...’ एवढंच बोलले. इतकी वर्षं मी या शहरातल्या गाण्या-वाजवण्यावर लिहिते आहे. छातीठोकपणे सांगते, वाद्यवृंद कसा चालवावा हे या माणसाइतकं कळलेलं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

मास्तर मूळचे देवळ्याचे. लग्नाच्या बँडात वाजवणारी माणसं गोळा करून त्यांनी हा वृंद उभा केला. वरातीत जीव तोडून वाजवणाऱ्या मंडळींना हळू वाजवायला शिकवणं म्हणजे काय दिव्य असेल... पण मास्तरांनी डावा हात जरासा खाली आणला की ढोलसुद्धा कुजबुजायचे. मी ते तसंच लिहायचे, हात आखडता न घेता. आणि मास्तर काय करायचे? पुढच्या तालमीत ते परीक्षण मोठ्यानं वाचून एकेक वाक्य वाटून टाकायचे. ‘हे क्लॅरिनेटचं. हे ढोलाचं, घरी जाऊन बायकोला वाचून दाखव.’ स्वतःला काही ठेवायचे नाहीत. मला रागच यायचा. अहो, कौतुक मी त्यांचं केलेलं असायचं!

एकदाच त्यांनी एक वाक्य ठेवून घेतलं. एका रचनेत ट्रम्पेट सुरू होण्याआधी सगळं थांबलं होतं. दोन क्षण संपूर्ण शांतता. मी तिच्यावर भरभरून लिहिलं. वाचता वाचता मास्तर म्हणाले, ‘हे माझं.’ मला कोण आनंद झाला! तालीम संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘ताई, ती शांतता बसवलेली नव्हती. मी ट्रम्पेटला इशारा द्यायला विसरलो. तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नाही. हवं तर छापा.’

माझं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं असणार. मी काही ते छापलं नाही, त्यात माझीच शोभा झाली असती. पण त्यानंतर माझी लेखणी जपून चालू लागली. जिथे ‘अचूक’ लिहायचं तिथे मी ‘चांगलं’ लिहू लागले. मास्तर तीही वाक्यं तेवढ्याच हौसेनं वाटायचे. आज मला त्याची लाज वाटते.

परवा शोकसभेनंतर सुकदेवभाऊ मला रिक्षापर्यंत सोडायला आले. कळवणचा हा माणूस मुळात कमी बोलणारा. रिक्षा थांबली तरी मला जाऊ देईनात.

‘ताई, त्या दिवशी मास्तरना हात बरोबर व्हता. मनाच दम तुटना. मी वृंद सोडीसन जाणार व्हतू... मास्तर बोलनात, तू वाजाड, चूक मनी शे.’

त्या शांततेच्या वेळी, इशारा मिळूनही, दम तुटला सुकदेवभाऊंचा आणि त्यांनी वृंद सोडू नये म्हणून चूक अंगावर घेतली मास्तरांनी. तीही कुणाजवळ, तर त्यांच्यावर लिहिणाऱ्या बाईजवळ! मला तिथेच, रस्त्यात, रडू फुटलं.

‘हे लिहू का मी?’ मी विचारलं.

‘लिखा ताई. मनं नाव टाकीसन लिखा.’

म्हणून त्यांच्या नावासकट ही दुरुस्ती, उशिरा का होईना. त्या दिवशी मास्तरांचा हात अचूक होता. आणि त्यानंतर जिथे जिथे मी ‘चांगलं’ लिहिलं, तिथेही.